कॉर्नरचा टॉवेल: सोलापुरी टर्किश टॉवेल बॉक्सिंगच्या कामाला कितपत उतरतो?

'टॉवेल टाकला' हे शब्द आता क्रिकेटच्या समालोचनापासून साखर कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत कुठेही ऐकू येतात. कुणी माघार घेतली, कुणी हात टेकले, की त्याने टॉवेल टाकला. पण ज्या बॉक्सिंगच्या रिंगणातून हा वाक्प्रचार आला, तिथे लढणारा टॉवेल टाकतच नाही. त्याचे दोन्ही हात ग्लोव्हमध्ये बांधलेले असतात. टॉवेल टाकतो कॉर्नरला उभा असलेला त्याचा सेकंड, म्हणजे कोच, वस्ताद. लढणाऱ्याला त्या क्षणी स्वतःहून थांबता येत नाही, म्हणून तो टाकावा लागतो. एकाच्या शरीराबद्दलचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा आणि तो घेण्याचं साधन म्हणजे खांद्यावरचं हे कापड.

तरीही ग्लोव्ह, माउथगार्ड, हँडरॅप चिकित्सेने घेणारे कोच टॉवेल मात्र घरातून निघताना हाताला लागेल तो उचलतात. म्हणून कोल्हापूरच्या बाजारात सहज मिळणाऱ्या सोलापुरी टर्किश टॉवेलचं हे परीक्षण, फक्त कॉर्नरच्या कामाच्या कसोटीवर. अंघोळीला तो चांगलाच असतो, त्यावर इथे काही म्हणायचं नाही.

निकाल आधीच सांगतो. २० बाय ४० इंचाचा, पांढरा, ४०० ते ४५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), साध्या किनारीचा शुद्ध सुती सोलापुरी टॉवेल कॉर्नरसाठी उत्तम आहे. त्याहून जाड, हॉटेलात असतो तसला मऊसूत ६०० जीएसएमचा टॉवेल महाग असूनही कमी कामाचा. मखमली पाठीचा तर घेऊच नये. मायक्रोफायबरचा घेऊ नये, आणि एकटा पंचा पुरत नाही. कारणं पुढे येतील. त्याआधी हा टॉवेल रिंगणात आला कुठून हे माहीत असलेलं बरं, कारण तो कसा असावा हे त्याच्या कामावरूनच ठरतं.

लंडनच्या जॅक ब्रॉटनने १७४३ मध्ये आपल्या आखाड्यासाठी लिहिलेले नियम हे बॉक्सिंगचे पहिले लिखित नियम मानले जातात. तेव्हा ग्लोव्ह नव्हते आणि ठरावीक मिनिटांच्या फेऱ्याही नव्हत्या. आखाड्याच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौकोन आखायचा. गडी पडला की त्याच्या सेकंडने अर्ध्या मिनिटात त्याला त्या चौकोनाच्या कडेला आणून उभा करायचा. नाही जमलं तर तो हरला. त्याच नियमात हरण्याची दुसरी वाटही दिली आहे. गड्याचा स्वतःचा सेकंड 'हा हरला' असं जाहीर करू शकतो. समोरच्या सेकंडने मात्र प्रतिस्पर्ध्याला काही विचारायचं नाही आणि 'सोडून दे' असा सल्लाही द्यायचा नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. म्हणजे आपल्या माणसाच्या वतीने थांबण्याचा अधिकार हा नंतर कुणी दिलेला दिलासा नाही. या खेळाचे नियम पहिल्यांदा कागदावर आले तेव्हापासून तो सेकंडच्या हातात आहे.

पुढच्या शंभर वर्षांत सेकंडच्या बादलीत स्पंज आला. गड्याचा चेहरा धुवायचा, रक्त पुसायचं ते स्पंजने. झुंज आवरती घ्यायची असेल तर तोच स्पंज वर हवेत फेकायचा. १८६० च्या सुमाराच्या इंग्रजी बोलभाषेच्या कोशात 'स्पंज फेकणे' म्हणजे हार मानणे अशी नोंद मिळते, आणि ती झुंजींच्या प्रथेवरून आल्याचंही दिलेलं आहे. १८६७ मध्ये क्वीन्सबेरीचे नियम आले. ते लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी, नाव मिळालं मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी यांचं. ग्लोव्ह, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांती, पडलेल्याला दहा सेकंद, हे सगळं तिथून आलं. त्यातलं आपल्या कामाचं कलम असं की फेरी चालू असताना सेकंडने किंवा आणखी कुणी रिंगणात यायचं नाही. सेकंड दोराबाहेर गेला. आत जाऊन अडवता येत नाही, आरडाओरडा गर्दीत ऐकू जात नाही, तेव्हा हातात असलेली वस्तू आत फेकणं एवढंच उरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पंजची जागा टॉवेलने घेतली. १९१३ च्या अमेरिकी वृत्तपत्रात कॉर्नरमधून हार म्हणून टॉवेल टाकल्याचं वर्णन आहे. इंग्रजीत स्पंजचा वाक्प्रचार मागे पडत गेला आणि टॉवेलचा राहिला.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला ही प्रथा समजायला एक अडचण येते. १९१२ पासून उभ्या असलेल्या खासबागेत निकाली कुस्ती बघत वाढलेल्या माणसाला चीतपट झाल्याशिवाय निकाल लागला असं वाटत नाही. पण कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपते, मल्ल उठतो, माती झटकतो, मुजरा करून जातो. बॉक्सिंगमध्ये पाठ टेकलेला गडी दहा आकड्यांच्या आत उठला तर पुन्हा मार खायला उभा राहू शकतो, आणि डोक्याला एकदा जबर बसल्यावर दुसऱ्यांदा बसलेला ठोसा पहिल्यापेक्षा कितीतरी घातक असतो. कुस्तीत खेळाच्या रचनेतच असलेला हा थांबा बॉक्सिंगमध्ये माणसाने द्यावा लागतो. त्यामुळे टॉवेल टाकणाऱ्या वस्तादाला भित्रा म्हणणं हे त्या खेळाची रचनाच न कळल्याचं लक्षण आहे.

तरी टॉवेल टाकला म्हणजे लढत थांबलीच, असंही नाही. २२ जून १९३८ ला न्यूयॉर्कमध्ये जो लुईने मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत झोडपलं, तेव्हा श्मेलिंगच्या कॉर्नरने टॉवेल टाकला. रेफ्री आर्थर डोनोव्हन यांनी तो उचलून बाजूला भिरकावला. तो दोरावर लटकत राहिला. तिथल्या नियमात टॉवेलला मान्यता नव्हती. लढत लगेचच थांबली, २ मिनिटं ४ सेकंदांवर, पण ती रेफ्रीच्या निर्णयाने. अमेरिकेत व्यावसायिक लढतींवर देखरेख करणाऱ्या अनेक आयोगांचा आजही आग्रह असतो की कॉर्नरने रिंगणाच्या कट्ट्यावर चढून रेफ्रीला खूण करावी. टॉवेल प्रेक्षकांपैकी कुणीही फेकू शकतो, हे त्यामागचं साधं कारण. २२ फेब्रुवारी २०२० ला लास व्हेगासमध्ये टायसन फ्युरीविरुद्ध डिऑन्टे वाइल्डर सातव्या फेरीत कोपऱ्यात अडकला असताना त्याच्याच कॉर्नरचे कोच मार्क ब्रेलँड यांनी टॉवेल टाकला आणि रेफ्रीने लढत थांबवली. वाइल्डर त्यांच्यावर नाराज झाला. ब्रेलँड स्वतः ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेते, त्यांना काय दिसत होतं ते त्यांना कळत होतं. आणि या संपूर्ण विषयातला सर्वांत मोठा निर्णय तर टॉवेलशिवायच झाला. १ ऑक्टोबर १९७५, मनिला, अली विरुद्ध फ्रेझर. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचे कोच एडी फच यांनी डोळे सुजून जवळजवळ बंद झालेल्या जो फ्रेझरला स्टुलावरून उठूच दिलं नाही. विश्रांतीच्या मिनिटात थांबवायचं असेल तर रेफ्रीला सांगणं पुरतं. टॉवेल लागतो तो फेरी चालू असताना.

आपल्याकडे जिल्हा, राज्य, विद्यापीठ पातळीवर ज्या लढती होतात त्या ऑलिम्पिक पद्धतीच्या. तिथल्या नियमांत सेकंडने टॉवेल टाकून माघार घेण्याची तरतूद आहे, मात्र रेफ्रीची मोजणी चालू असताना टाकता येत नाही. मोजणी संपू द्यायची, रेफ्री 'बॉक्स' म्हणाला आणि आपला गडी अजून डळमळतोय असं दिसलं की तत्क्षणी टाकायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या तांत्रिक बैठकीत तिथली पद्धत विचारून घ्यावी. काही ठिकाणी टॉवेलसोबत कट्ट्यावर चढणंही अपेक्षित असतं.

आता कापडाकडे.

सोलापूरच्या चादरीला आणि टर्किश टॉवेलला, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. टर्किश टॉवेल विणताना मागावर ताण्याचे दोन रूळ असतात. एकाचा ताणा घट्ट, त्याने कापडाची बैठक तयार होते. दुसऱ्याचा सैल. आडवा धागा दोनदा थोडा अलीकडेच सोडतात आणि तिसऱ्या धाग्याबरोबर फणी तिन्ही धाग्यांना एकदम पुढे ठोकते. सैल ताण्याला जायला जागा नसते, तो दोन्ही अंगांना वर उचलला जातो. हेच ते वेटोळे, टर्किशचा सगळा जीव यांच्यात. वेटोळे जितके उंच आणि दाट तितकं पाणी जास्त शोषलं जातं, पण वजन वाढतं, वाळायला वेळ लागतो आणि वेटोळे अडकून ओढले जाण्याची शक्यताही वाढते. सोलापुरी मालात मध्यम उंचीचे, दुहेरी पिळाच्या सुताचे वेटोळे सर्रास मिळतात. कॉर्नरला नेमके तेच हवेत.

 दुकानात सोलापुरी टॉवेलवर जीएसएमचा आकडा बहुधा छापलेला नसतो आणि विक्रेत्याने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. दुकानातल्याच काट्यावर टॉवेल ठेवावा. २० बाय ४० इंच म्हणजे साधारण ०.५२ चौरस मीटर. वजन २०५ ते २३५ ग्रॅमच्या दरम्यान भरलं तर तो ४०० ते ४५० जीएसएमचा. तीनशे ग्रॅमच्या पुढे गेला तर ६०० च्या घरातला. ३० बाय ६० इंचाचा अंघोळीचा टॉवेल ४५० जीएसएमचाच घेतला तरी सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तो खांद्यावरून घरंगळतो आणि भिजला की उचलवत नाही. छोटा नॅपकीन चेहऱ्याला पुरतो, पण फेकला तर कॅनव्हासवर दिसत नाही. म्हणून मधला आकार.

लक्ष्मीपुरी, महाद्वार रोड, राजारामपुरी, कुठूनही घ्या, खरेदीच्या वेळी चार गोष्टी बघाव्यात. वेटोळ्यांवर नख उलटसुलट फिरवावं. वेटोळा नखाबरोबर सहज लांब होत गेला तर बैठक सैल विणलेली आहे, तो माल ठेवून द्यावा. किनारीची शिवण दुहेरी दुमडलेली आणि चारही कोपऱ्यांत परत टाका मारून बंद केलेली हवी, कारण कॉर्नरचा टॉवेल कोपऱ्याला धरूनच ओढला जातो. कडेचा एक सुटा धागा मागून घ्यावा आणि दुकानाबाहेर काडी लावून बघावा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि भुरकी राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. स्वस्त मालात बैठकीचा धागा मिश्र असू शकतो. तो पाणी कमी पितो आणि उकळत्या धुण्यात आकसत नाही, त्यामुळे वेटोळे आणि बैठक एकमेकांपासून ओढली जातात. चौथी गोष्ट किनारीची पट्टी. जॅकार्डची नक्षी, फुलं, मंदिर, मोर हे सोलापूरचं वैभव आहे, पण नक्षीची सपाट कडक पट्टी भुवईवर घासली तर ओरखडा उठतो आणि धुतल्यावर ती बाकीच्यापेक्षा जास्त आकसून टॉवेल कडेला गोळा होतो. कॉर्नरला अगदी साधी, अरुंद पट्टीची किनार घ्यावी.

रंग पांढराच. त्याची तीन कारणं आहेत. कॉर्नर लाल आणि निळा असतो, लढणाऱ्यांचे कपडेही तसेच, आणि कॅनव्हास सहसा निळा. त्यावर रेफ्रीच्या डोळ्याच्या कोपऱ्यालाही दिसेल असा रंग पांढरा. दुसरं, रक्त किती आणि कुठून येतंय हे पांढऱ्यावर लगेच कळतं. भुवईवरचं की नाकातलं, ताजं की थांबत आलेलं, हे लाल टॉवेलवर वाचता येत नाही. तिसरं, पांढरा निर्धास्तपणे गरम पाण्यात उकळता येतो. गडद सोलापुरी रंग पहिल्या दोन-चार धुण्यांत सुटतात, आणि घामाबरोबर डोळ्यात उतरलेला रंग चुरचुरतो.

नवा टॉवेल थेट रिंगणात नेऊ नये, ही चूक सर्रास होते. विणताना सुताला लावलेली खळ आणि दुकानात मऊ लागावा म्हणून दिलेला लेप यामुळे नव्या टॉवेलवर पाणी थेंब होऊन घरंगळतं. घाम पुसला जात नाही, नुसता पसरतो. गरम पाण्यात बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून टॉवेल रात्रभर भिजवावा, सकाळी साध्या पावडरीने धुवावा, असं दोन-तीनदा करावं. मग टॉवेल सपाट पसरून त्यावर वीतभर उंचीवरून पाण्याचा थेंब टाकावा. थेंब चार-पाच सेकंदांत आत गेला तर टॉवेल तयार. वर बसून राहिला तर आणखी एक धुणं. मग ओला करून पिळलेला टॉवेल काळ्या टी-शर्टवर दहा वेळा घासावा. शर्टवर पांढरी लव दिसली तर तीच लव उद्या गड्याच्या डोळ्यात जाणार. मखमली पाठीचा टॉवेल याच परीक्षेत नापास होतो. त्याचे वेटोळे वरून कापलेले असतात, त्यामुळे तो सतत तंतू सोडतो आणि पाणीही कमी शोषतो.

ऑलिम्पिक पद्धतीच्या लढतीत एका गड्यामागे निदान चार टॉवेल हवेत. दोन चेहऱ्याचे आणि दोन फरशीचे. फरशीच्या टॉवेलांच्या कोपऱ्याला काळ्या धाग्याने ठळक टाका मारून ठेवावा, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. फरशीचा टॉवेल कमी महत्त्वाचा नाही. कॉर्नरमध्ये सांडलेलं पाणी न पुसता राहिलं तर पुढच्या फेरीच्या पहिल्याच पावलाला पाय सरकतो. या कामाला जुना, शंभर धुणी झालेला सोलापुरी टॉवेल नव्यापेक्षा सरस, कारण तो पाणी क्षणात पितो.

विश्रांती साठ सेकंदांची. त्यातले पहिले सात-आठ स्टूल, माउथगार्ड आणि श्वास यांत जातात, शेवटचे दहा बाहेर पडण्यात. टॉवेलला मिळतात जेमतेम दहा-बारा सेकंद. आधी कपाळ, मग कानशिलं, मग डोळ्यांभोवती, मग मान. पुसायचं नाही, टिपायचं. टॉवेलची चौघडी चेहऱ्यावर दाबून उचलायची. घासल्याने ठोशांनी आधीच तापलेली भुवईची त्वचा सोलते आणि तिथेच पुढच्या फेरीत फाटते. २०१३ पासून वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड गेला, तेव्हापासून भुवयांच्या जखमा वाढल्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा आता फार महत्त्वाचा झाला आहे. जखम झालीच तर वेटोळ्यांचा टॉवेल तिच्यावर दाबू नये. रक्त गोठताना वेटोळ्यांत अडकतं आणि टॉवेल उचलला की धरलेली खपली त्याच्याबरोबर निघते. जखमेवर निर्जंतुक गॉज, टॉवेल फक्त भोवतीचं रक्त टिपायला.

वेल्क्रोच्या ग्लोव्हने टर्किश टॉवेलचं जेवढं नुकसान होतं तेवढं कशानेच होत नाही. मनगटाची पट्टी उघडी असताना टॉवेल तिच्यावरून गेला की हुक वेटोळ्यांना धरतात आणि एका झटक्यात वीतभर लांब धागा बाहेर येतो. तो ओढायचा नाही, कात्रीने बुडाशी कापायचा. टर्किशचा वेटोळा कापला तरी कापड उसवत नाही, ओढला तर पूर्ण ओळ जाते. मायक्रोफायबर वेल्क्रोला याहून घट्ट चिकटतो, आणि त्याला उकळतं पाणी मानवत नाही, म्हणजे निर्जंतुक करण्याची वाटच बंद. म्हणून तो नको.

पंचाबद्दल तालमीत वाढलेल्यांचा आग्रह असतो. पातळ, पटकन वाळणारा, खिशात मावणारा. बर्फाचं पाणी पिळून मानेवर ठेवायला पंच्याइतकं चांगलं काही नाही, तेवढ्यासाठी एक जरूर ठेवावा. पण घाम टिपायला तो लगेच तुडुंब होतो, आणि फेकला तर हवेत पसरून दोराशीच पडतो.

फेकण्याचंही तंत्र आहे आणि त्याचा सराव कुणी करत नाही. रिंगण दोरांच्या आत ६.१० मीटरचं असतं, म्हणजे कोपऱ्यापासून मध्यापर्यंत सव्वाचार मीटरच्या वर अंतर. सगळ्यात वरचा दोर कॅनव्हासपासून १.३० मीटर उंच. सव्वादोनशे ग्रॅमचा कोरडा टॉवेल उलगडलेला फेकला तर हवेने फुगतो आणि दोन मीटरवर बसतो. लांबीत दुमडून एका टोकाला सैल गाठ मारलेला तोच टॉवेल मध्यापर्यंत जातो, आणि पडल्यावर शेपूट पसरल्याने दिसतोही. गाठ फेरी सुरू होतानाच मारून ठेवावी. गरज पडेल तेव्हा बोटं थरथरत असतात. ओला टॉवेल लांब जातो हे खरं, पण कॅनव्हास ओला करतो आणि गड्याला लागला तर इजाही होऊ शकते. लक्ष्य लढणारे नाहीत, रेफ्रीचे पाय आहेत, त्याच्या नजरेसमोरून. त्याच्या पाठीमागे पडलेला टॉवेल काही सेकंद कुणालाच दिसत नाही आणि तेवढ्यात आणखी चार ठोसे बसतात. टाकताना मोठ्याने 'स्टॉप' म्हणावं आणि हात वर करावेत. ६०० जीएसएमचा टॉवेल या कामात जड पडत नाही, उलट चांगला जातो, हे मान्य करायला हवं. पण चेहऱ्यासाठी तो ओलसर राहतो आणि पूर्ण भिजला तर किलोच्या आसपास जातो, म्हणून एकूण हिशेबात मागे राहतो.

कधी टाकायचा? लढतीआधी ठरवून ठेवावं, गड्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलून. उत्तर न देता सलग ठोसे खाणं, हात खाली येणं, पाय एका रेषेत न राहणं, ठोसा येताना डोळे न मिटणं, कॉर्नरमध्ये कितवी फेरी हे न सांगता येणं. यांतली कुठलीही दोन लक्षणं दिसली की गड्याच्या तोंडाकडे बघून परवानगी मागू नये, तो नाहीच म्हणणार. डोक्याच्या माराने लढत थांबली तर वैद्यकीय सक्तीची विश्रांती किमान महिन्याची असते आणि त्या काळात स्पारिंगही, म्हणजे सरावाच्या लढतीही बंद. ती पाळून घेणं हेही टॉवेल टाकणाऱ्याचंच काम आहे.

धुण्याचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण आखाड्यांत नायटा पसरतो तो याच ढिलाईने. तालमीत आणि बॉक्सिंगच्या हॉलमध्ये एकच टॉवेल चार जणांच्या पाठीवरून फिरतो आणि आठवड्यात चौघांच्या मानेवर चकंदळं दिसतात. एका गड्याचा टॉवेल दुसऱ्याला नाही, हा नियम सख्ख्या भावांनाही लागू. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात काढावा. गरम पाण्यात घातला तर रक्तातली प्रथिनं सुतात पक्की बसतात आणि डाग कायमचा होतो. डाग गेल्यावर मग साठ अंशांच्या वरचं गरम पाणी आणि पावडर. अँटिसेप्टिकचं झाकणभर औषध गार पाण्यात टाकणं याला पर्याय नाही. कपडे मऊ करणारं द्रव कधीच घालू नये, ते वेटोळ्यांवर तेलकट थर देतं आणि टॉवेल पुन्हा पहिल्या दिवसासारखा पाणी नाकारू लागतो. क्लोरीनचं ब्लीच वारंवार वापरलं तर सूत कुजतं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात खरी परीक्षा वाळवण्याची. जून ते सप्टेंबर ६०० जीएसएमचा टॉवेल दोन दिवस ओलसर राहतो आणि कुबट वास धरतो. ४०० चा टॉवेल पंख्याखाली रात्रीतून वाळतो. वास धरलाच तर सोड्याच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवावा, सुगंधी पावडरीने वास झाकू नये, कारण तो सुगंध घामात मिसळून डोळ्यात जातो. टॉवेल दोरीवर टाकण्याआधी दोन-तीनदा जोरात झटकावा, वेटोळे उभे राहतात आणि वाळल्यावर खरखरीत लागत नाही.

किमतीच्या मानाने हा माल पटतो. चांगला सोलापुरी टॉवेल नीट धुतला तर चेहऱ्याच्या कामाला दीड-दोन हंगाम जातो. मधोमध उजेडाकडे धरून बघावा. वेटोळ्यांखालची बैठक जाळीसारखी दिसू लागली, किंवा थेंबाची परीक्षा धुऊनही जमेना, की त्याच्या कोपऱ्याला काळा टाका मारून तो फरशीच्या जोडीला द्यावा आणि चेहऱ्यासाठी नवा भिजत घालावा, पुढच्या स्पर्धेच्या निदान आठवडाभर आधी.